ग्वाल्हेर, वरचा मजला, मे महिना: दोन लहान मुलांची दुपार कशी काढावी?

लष्करची_सून

नमस्कार मंडळी. जिवाजीगंजात तीन मजली घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा दोनचा. एक खोली पूर्वेला, एक पश्चिमेला, मधे स्वयंपाकघर. पूर्वेच्या खिडकीत लोखंडी कूलर आहे. एसी नाही आणि यंदा घेणं जमणारही नाही. पाणी एक दिवसाआड येतं.

विचारायचं ते असं. कूलर चालू असूनही दुपारी चारनंतर खोलीत चिकचिक होते, ती का? अकरा ते सहा मुलांना मोबाइलशिवाय गुंतवायचं कशात? आणि प्यायला काय, किती द्यायचं, लू (उन्हाळ्यातला गरम वारा) लागल्याचं कशावरून ओळखायचं? सासूबाई म्हणतात ओल्या चादरी टांगा, शेजारच्या काकू म्हणतात खिडक्या सताड उघडा. दोन्ही एकदम कसं करणार?

खस_आणि_पंप

ताई, दोघींचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. कोणत्या वेळी आणि कोणत्या खिडकीला, एवढंच ठरवायचं.

ग्वाल्हेरची मे महिन्यातली हवा कोरडी असते, आणि तोच आपला सगळ्यात मोठा फायदा. पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, कूलर चालतो तो यावरच. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्यात धरलेला तापमापक साधारण २३ अंश दाखवतो. चांगली घास (जाळ्यांत भरतात तो गवतासारखा कीस) भरलेला कूलर या दोन आकड्यांमधलं पाऊण अंतर कापतो. म्हणजे जाळीतून २८-२९ अंशांची हवा यायला हवी. साधा तापमापक जाळीसमोर दहा मिनिटं धरून बघा. ३२-३३ दिसले तर दोष घासेत आहे. आकडा बरोबर असून चिकचिक होत असेल तर दोष खोलीत आहे.

तुमच्याकडे बहुधा दुसरा प्रकार असावा. कूलर सतत ओली हवा आत ढकलतो. ती बाहेर पडली नाही की तीच हवा खोलीत साचते, घाम वाळत नाही आणि थंड असूनही जीव कासावीस होतो. एकीकडून आलेली हवा दुसरीकडून निघालीच पाहिजे. पण ती पश्चिमेच्या खिडकीतून काढू नका. लू पश्चिमेकडूनच येते, त्यामुळे कूलरचा पंखा आणि बाहेरचा वारा समोरासमोर येतात. मधली दारं उघडी ठेवून स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टमधून किंवा जिन्याच्या दारातून हवा काढा. वाट पुरेशी आहे का, हे कळायला त्या फटीशी वर्तमानपत्राची बारीक पट्टी चिकटवा. पट्टी बाहेर ओढली गेली की ठीक. आत उडाली तर तिथून लू घरात येते आहे.

काकूंच्या उघड्या खिडक्या रात्री. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की सगळं उघडायचं, सकाळी साडेसात-आठला बंद. हवा सगळ्यात थंड असते ती सूर्योदयाच्या सुमारास, मे महिन्यात म्हणजे साडेपाचच्या आसपास. तो तास वाया घालवू नका.

सासूबाईंची ओली चादर लाइट गेल्यावर. कूलर चालू असताना आतल्या दोरीवर चादरी टांगल्या तर नुसता दमटपणा वाढतो. लाइट गेली की चादर पश्चिमेच्या उघड्या खिडकीतच टांगायची, म्हणजे लू तिच्यातून गाळून आत येईल. जुन्या वाड्यांमधल्या वाळ्याच्या ताट्या याच कामाच्या होत्या. चादर वाळली की लगेच शिंपडायची, नाहीतर गरम वारा सरळ आत शिरतो. पुढची वाट इथेही उघडी हवी.

आता घास. दर वर्षी नवी भरा. आपल्या जड पाण्याचा पांढरा थर चढला की हवा तिच्यातून नीट जात नाही. घास ओली होऊन खाली बसते आणि वर दोन बोटं रिकामी राहते. तिथून आणि बुजलेल्या भोकांखालच्या कोरड्या पट्ट्यातून गरम हवा जशीच्या तशी आत येते. महिन्यातून एकदा वरच्या पन्हाळीची भोकं तारेनं मोकळी करा. पंप पंख्याच्या आधी दहा मिनिटं चालू करा.

पाण्याचा हिशोब: मध्यम कूलर अशा हवेत पूर्ण वेगावर तासाला आठ-दहा लिटर पाणी उडवतो. रात्री वेग कमी ठेवला तर बराच फरक पडतो. आरओचं वाया जाणारं पाणी घालता येतं, पण त्यात क्षार जास्त म्हणून निम्मं साधं पाणी मिसळा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून भिंती ब्रशनं घासायच्या आणि वाळवायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

भातुकली

मी फक्त खेळांबद्दल सांगते. सगळ्या दुपारीला एकच खेळ पुरत नाही. उन्हाप्रमाणे खेळ बदलायचे.

सकाळी आठ ते दहा पाण्याचे खेळ, तेही मोरीत किंवा सावलीतल्या बाल्कनीत. पाव बादली पाणी पुरतं. मुलीला रंगकामाचा जुना ब्रश आणि वाटीभर पाणी द्या, तिनं भिंतीवर चित्र काढायचं. कोरड्या हवेत ते मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातं, की पुन्हा नवं. दोन वर्षांच्याला गाळणं, वाट्या, नरसाळं. खेळून झालेलं पाणी कुंड्यांना. एक गोष्ट मात्र अगदी पाळा: मूल पाण्याशी असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि खेळ संपला की बादली उपडी. या वयात डोक्याचा भार जास्त असतो, मूल बादलीत वाकलं की त्याला परत वर येता येत नाही. चार बोटं पाणीही जीव घेतं.

दुपारचा बर्फाचा खेळ आदल्या रात्रीच तयार करायचा. स्टीलच्या डब्यात बोटभर पाणी गोठवा, त्यावर खेळणी ठेवा, मग वरून पाणी घालून पुन्हा गोठवा. एकदम भरलं तर खेळणी तरंगून वर येतात आणि खोदायला काही उरत नाही. धाकट्यासाठी त्याच्या मुठीत न मावणारीच खेळणी घाला. बर्फ फ्रीजरमधून काढून पाच मिनिटं बाहेर ठेवा, कोरडा बर्फ जिभेला आणि बोटांना चिकटतो. मोठीला चमच्यानं मीठ टाकू द्या, मिठाखालचा बर्फ आधी का वितळतो हे ती स्वतःच विचारेल. मीठ लावलेला बर्फ हातात धरू देऊ नका, त्वचा पोळल्यासारखी होते.

आणि दोन ते पाच, जेव्हा घर अंधारं करून बसायचं असतं, तेव्हा त्या अंधाराचाच खेळ करा. तुमची पूर्वेची खोली याला फार छान आहे. दुपारी त्या खिडकीवर ऊन नसतं आणि समोरच्या घरांच्या पश्चिमेकडच्या भिंती मात्र उन्हानं झगझगत असतात. कूलरशेजारचा खिडकीचा भाग जाड काळ्या पुठ्ठ्यानं बंद करा, फटींना कागदी टेप लावा, मधे पेन्सिल जाईल एवढं गोल भोक पाडा. भोकापासून तीन फुटांवर पांढरी चादर किंवा चार्टपेपर धरा. समोरचं घर, विजेच्या तारा, खालून जाणारी रिक्षा, सगळं त्यावर उलटं आणि रंगीत दिसतं! समोरचं वीस फूट उंच घर तीस फुटांवर असेल तर चित्र दोन फुटांचं येतं. कागद मागे नेला की चित्र मोठं पण फिकं होतं. भोक मोठं केलं तर उजळ पण पुसट. दिसलंच नाही तर खोली पुरेशी अंधारी नाही, दाराखालची फट बघा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं लागतात, तोवर मुलांना मागे एखादी गोष्ट सांगत राहा. मोठी कागदावर ते घर गिरवू शकते, आणि गिरवायला घेतलं की तास सहज जातो.

धाकटा कंटाळला की टॉर्च आणि हातांच्या सावल्या. सागरगोटे आणि सारीपाटाच्या कवड्या तो झोपल्यावरच काढा, दोन्ही घशात अडकण्याच्या मापाच्या असतात.

कणकेचा गोळा: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, पाऊण वाटी पाणी थोडं थोडं घालून. उन्हाळ्यात मीठ ओल धरतं आणि गोळा चिकट होतो, म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि खेळताना हाताला तेल. मीठ भरपूर आहे, धाकट्याच्या तोंडात जाऊ देऊ नका.

पाळणाघर_मोरार

पिण्याबद्दल आणि लू लागण्याबद्दल लिहिते.

लहान मुलांचं अंग वजनाच्या मानाने पसरट असतं, ती घाम कमी गाळतात आणि खेळात तहान विसरतात. म्हणून "तहान लागली का?" असं न विचारता, तासातासाला लहान स्टीलचा पेला हातात द्यायचा. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला दूध-ताक धरून साधारण १.३ लिटर, साडेपाचच्या मुलीला १.६ लिटर हा पाया समजा, उन्हाळ्यात यावर जास्त. मोजत बसण्यापेक्षा शू पाहा. फिकट पिवळी आणि दर तीन-चार तासांनी असेल तर पुरतंय. सहा तासांत झालीच नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. (इतर वाचणाऱ्यांसाठी: सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी द्यायचं नसतं, आईचं दूध जास्त वेळा पाजायचं.)

ताक, शहाळं, टरबूज, काकडी हे सगळं चांगलं. पन्हं करताना उकडलेल्या कैरीचा एक वाटी गर, एक ते सव्वा वाटी गूळ, एक चमचा मीठ, थोडी जिरेपूड. पेल्याला दोन मोठे चमचे. बाहेरचा बर्फाचा गोळा मात्र टाळा, तो बर्फ कोणत्या पाण्याचा हे कळायला मार्ग नसतो. भिजवलेला सब्जा धाकट्याला नको.

ओआरएस रोजचं सरबत म्हणून देऊ नका. जुलाब, उलट्या किंवा उन्हात खूप घाम गेल्यावर द्यायचं. २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण पुडी एकदम. अर्धी पुडी अर्ध्या लिटरमध्ये करू नका, कारण पुडीत मीठ आणि ग्लुकोज सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. केलेलं पाणी २४ तासांनी फेका. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं पाहा. ओआरएस नावाने विकली गेलेली गोड फळपेयं वेगळी. एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. जुलाबात तसलं गोड पेय दिलं तर जुलाब वाढतात.

मूल मलूल, किरकिरं झालं, डोकं-पोट दुखतं म्हणालं, उलटी झाली: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्यानं पुसून वारा घाला, घोटघोट पाणी द्या. अर्ध्या तासात टवटवीत झालं नाही तर दवाखाना. मूल बरळतं आहे, हाकेला नीट उत्तर देत नाही, झटका आला, अंग तव्यासारखं तापलं आहे, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत हात थांबवायचा नाही: डोक्यापासून पायांपर्यंत पाणी ओता, जोरात वारा घाला, फडक्यात गुंडाळलेला बर्फ काखेत आणि जांघेत ठेवा. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही, ते तापावरचं औषध आहे आणि इथे ताप नसतो, बाहेरची उष्णता अंगात साठलेली असते. "घाम येतोय म्हणजे लू नाही" हेही धरून चालू नका.

खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर दुपारी एकला मुलाला बाहेर नेऊ नका.

लष्करची_सून

किती बारकाईने लिहिलंत सगळ्यांनी! पट्टी लावून पाहिली, जिन्याचं दार उघडल्यावर ती लगेच बाहेर ओढली गेली. दोन शंका आहेत. कूलरच्या अंगाला कधी कधी हलकी झिणझिण लागते, पंप बदलायचा का? आणि छत संध्याकाळी इतकं तापतं की पंख्याची हवाही गरम येते. गच्चीला चुना लावून फरक पडतो का?

खस_आणि_पंप

झिणझिण लागते? आत्ताच प्लग काढा, दुरुस्त होईपर्यंत कूलर लावू नका. हे लिहिताना मला तुमच्या मुलांचीच काळजी वाटते आहे. ओली फरशी, अनवाणी पाय आणि लोखंडी पत्रा, यात मुलाला लागणारा धक्का झिणझिणीवर थांबत नाही.

इलेक्ट्रिशियनकडून तीन गोष्टी तपासून घ्या. प्लग तीन पिनांचा आहे का आणि हिरवी तार कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसली आहे का (गंजलेल्या पत्र्यावर नुसती गुंडाळलेली चालत नाही, रंग खरवडून लावावी). बोर्डातल्या जाड पिनेला खरंच अर्थिंग आहे का, कारण जुन्या घरांत भोक असतं आणि मागे तारच नसते. फेज आणि अर्थ यांच्यात शंभर वॅटचा बल्ब लावला की तो पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. आणि पंपाची वायर पाण्यात कुठे सोलली आहे का. पंप बदलून झिणझिण थांबेलही, पण अर्थिंग नसेल तर पुढचा दोष पुन्हा पत्र्यावरच येणार. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या, ती गळती ओळखून क्षणात वीज तोडते. पाणी भरताना आणि पुसताना प्लग काढलेला. कूलरपुढे मुलांचा हात पोचणार नाही अशी लाकडी चौकट किंवा पलंग आडवा.

पटियांची_गच्ची

चुन्याने फरक पडतो, आणि ग्वाल्हेरला तर चांगलाच. मे-जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडत नाही, सगळा मारा गच्चीवर. छत दिवसभर उष्णता पितं आणि काही तासांनी खाली सोडतं, म्हणून तुम्हाला संध्याकाळी जाणवते.

विझवलेला चुना पाच किलो, पांढरा सिमेंट एक किलो, फेविकॉल डीडीएल (चुना धरून ठेवणारा डिंक) अर्धा किलो, पाणी आठ ते दहा लिटर. कळीचा चुना आणलात तर लोखंडी पिंपात, आधी पाणी आणि मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतो. प्लास्टिकची बादली वापरू नका. एक दिवस मुरू द्या, फडक्यातून गाळा, मग बाकीचं मिसळा.

गच्ची घासून धुवा, भेगा आधी भरून घ्या (पटियांचं, म्हणजे दगडी फरश्यांचं, छत असेल तर सांधे खास पाहा), पृष्ठभाग ओला असतानाच संध्याकाळी पहिला हात द्या. दुसऱ्या संध्याकाळी आडवा दुसरा हात. भर उन्हात लावला की पाणी लगेच उडतं, चुना धरत नाही आणि पायाला भुकटी लागते. दोन-तीन दिवस संध्याकाळी हलकं पाणी शिंपडा. चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, म्हणून काम संपून गच्ची धुतली जाईपर्यंत मुलं वर नकोत. चुकून गेलाच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीकडेही बघा. दुपारी पाइपात तापून राहिलेलं पाणी मुलाची कातडी भाजण्याइतकं गरम असू शकतं. दुपारी मुलाला नळाखाली थेट धरू नका. सकाळीच बादली भरून मोरीत झाकून ठेवा. टाकीला आणि उघड्या पाइपाला गोणपाट बांधून वर तोच चुना लावला तरी चालतो.

बडोदेकर_वाडी

बडोद्याहून एक भर. वरचं कूलरचं गणित कोरड्या हवेचं आहे. आमच्याकडे मेच्या शेवटी हवा दमट होते, तुमच्याकडे जूनच्या उत्तरार्धात होईल. बाहेर ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असली की कूलरची हवा ३१च्या पुढेच राहते. म्हणजे बाहेर सहा अंश कमी, तरी कूलरची हवा तुमच्या ४४ अंशांच्या दिवसापेक्षा गरम! आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ घेऊन ठेवा. साठच्या वर गेली की पंप बंद, नुसता पंखा, खिडक्या उघड्या, ओल्या चादरी अजिबात नाहीत. मुलांना दिवसातून दोनदा अंघोळ घाला. घामोळ्यांवर पावडरचा जाड थर देऊ नका, घामाची छिद्रं बुजतात. सैल सुती झबलं बरं.

भातुकली

बाहेर जाण्याचं राहिलंच होतं. फूलबागेत किंवा कुठल्याही बागेत सकाळी साडेपाच ते साडेसात. नंतर घसरगुंडीचा पत्रा तापतो, बसवण्याआधी हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. किल्ल्यावर जायचं तर सूर्योदयाला, आठनंतर दगड तापू लागतो आणि मानमंदिराच्या अंगणात सावली थोडीच. मोठीसाठी जयविलास संग्रहालयातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी, आणि तुमच्या जिवाजीगंजातलंच सरोद घर. सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांचं ते घर, आत जुनी वाद्यं पाहायला मिळतात. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

गाडीने जात असाल तर "दोन मिनिटांत येते" म्हणूनसुद्धा मुलांना बंद गाडीत ठेवू नका. काच थोडी खाली असली तरी दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी वाढू शकतं. परत आल्यावर चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवा, आणि पट्ट्याचं बक्कल मुलाच्या मांडीला लागण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या.